दोन मुलांतील अंतर आणि दोघांतील मशवरा

रोज सकाळी हजेरी घेताना एका नावापाशी माझा पेन थांबत असे. सहावीतील ही मुलगी घरी उर्दू बोलते, शाळेत मराठी बोलते आणि दोन्ही भाषांत नीटनेटका निबंध लिहिते. जून-जुलैत ती रोज आली. ऑगस्टपासून आठवड्यातून दोन-तीन दिवस येऊ लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि तिच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागत गेली.

आमच्या लवळ्याच्या टेकडीवर मोठी विद्यापीठे उभी आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली तिथे शिकायला येतात. त्याच टेकडीच्या पायथ्याला राहणारी माझी विद्यार्थिनी शाळेत का येत नाही, हे पाहायला एका शनिवारी मी तिच्या घरी गेले.

दारातूनच दिसले. ती साडीच्या झोळीला झोके देत होती. कडेवर दुसरे एक मूल होते, जेमतेम चालू लागलेले. आई खाटेवर पडून होती, चेहरा पांढराफटक. वय अठ्ठावीस. चार मुले. पहिल्या तीन मुली आणि आता दोन महिन्यांचा मुलगा. तिसरी आणि चौथा यांच्यात चौदा महिन्यांचे अंतर. वडील पिरंगुटच्या कारखान्यांचा माल टेम्पोने पोचवतात, पहाटे जातात आणि रात्री येतात. घरात दुसरे मोठे माणूस नाही. मग बारा वर्षांची मुलगीच घराची मोठी बाई झाली होती.

मी हळूच विचारले, "इतक्या लवकर पुन्हा? डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?"

ती म्हणाली, "डॉक्टर बोले थे, बाजी. पर मेरेकू किसने पूछा?"

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहीत आहे.

दोन्ही बाजूंचा गलका

संततिनियमनाचा विषय निघाला की आपल्याभोवती दोन आवाज चढतात. एक बाहेरचा. तो म्हणतो, मुसलमान मुद्दाम मुले वाढवतात. दुसरा आपल्या घरातला. तो म्हणतो, हा विषयच हराम आहे, रोजी देणारा अल्लाह आहे, बोलू नका. या गलक्यात खाटेवरच्या त्या बाईचा आवाज कुणाच्याही कानी पडत नाही.

बाहेरच्या आवाजाला आकड्यांनीच उत्तर द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ साली भारतातील मुस्लिम स्त्रीला सरासरी ४.४ मुले होत होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण २.३६ वर आले. याच काळात सर्व भारतीय स्त्रियांचे प्रमाण ३.४ वरून २.० झाले. आपल्या महाराष्ट्रात तर सर्व समाजांचे मिळून ते १.७ आहे. म्हणजे मुस्लिम घरे इतरांच्याच वाटेने चालली आहेत, थोडी मागून, पण वेगाने. जिथे मुली शिकल्या, जिथे दवाखाना जवळ आला, तिथे कुटुंब लहान झाले. तिथे धर्म आडवा आला नाही.

घरातल्या आवाजाला मात्र आकडे पुरत नाहीत. तिथे दीनच्या भाषेतच बोलावे लागते. मी आलिमा नाही, शिक्षिका आहे. पण जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, ते मांडते.

दीन काय सांगतो

पवित्र कुरआनात सूरह बनी इस्राईलच्या ३१ व्या आयतीत गरिबीच्या भीतीने मुलांचा जीव घेण्यास सक्त मनाई आहे. त्यांनाही आणि तुम्हालाही रोजी देणारे आम्हीच आहोत, असा या आयतीचा आशय आहे. अनेक जण ही आयत संततिनियमनाच्या विरोधात सांगतात. पण तिथे बोलणे जन्मलेल्या मुलाच्या हत्येविषयी आहे. गर्भ राहण्याआधी घेतलेली काळजी ही वेगळी बाब आहे, आणि ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातही लोकांना ठाऊक होती.

तिला अरबीत 'अज़्ल' म्हणतात. पतीने स्वतःला आवरून गर्भ राहू न देण्याची ती पद्धत. हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुरआन अवतरत होते त्या काळात आम्ही अज़्ल करत असू, असे ते सांगतात. अज़्लविषयी नापसंती दाखवणारी, हजरत जुदामा (रजि.) यांची रिवायतही 'मुस्लिम' मध्ये आहे, हे लपवण्याचे कारण नाही. दोन्ही रिवायती समोर ठेवून बहुतेक फकीहांनी अज़्ल जायज ठरवला, काहींनी तो मकरूह म्हटला. इमाम ग़ज़ाली (रह.) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' मध्ये त्याची कारणेही तपासली. बाळंतपणात पत्नीच्या जिवाला असलेला धोका आणि जास्त मुलांमुळे होणारी ओढाताण ही कारणे त्यांनी मान्य केली. मुलगी होईल या भीतीने टाळणे त्यांनी अमान्य केले.

आपल्या काळातील निर्णयही आहे. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत या प्रश्नावर ठराव झाला. त्यात तीन गोष्टी आहेत. मुले किती व्हावीत याची सक्ती करणारा कायदा कुणी करू नये. प्रजननाची शक्ती कायमची नष्ट करणे शरीअतने मानलेल्या गरजेशिवाय जायज नाही. मात्र दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी किंवा काही काळ गर्भ टाळण्यासाठी तात्पुरते साधन वापरता येते. त्यासाठी पती-पत्नीचा आपसात मशवरा आणि रजामंदी हवी, साधन जायज हवे, इजा होता कामा नये आणि राहिलेल्या गर्भाला धक्का लागता कामा नये. या मताहून कडक मत असलेले आलिम आहेत. मौलाना मौदूदी यांनी संततिनियमनाच्या चळवळीविरुद्ध पुस्तक लिहिले, ते आजही वाचले जाते. पण चळवळीला विरोध करणे निराळे आणि एका आजारी आईला उसंत देणे निराळे.

इथे मला सूरह बक़राची २३३ वी आयत फार मोलाची वाटते. तिच्यात स्तनपानाचा काळ पूर्ण दोन वर्षांचा सांगितला आहे. त्याआधी दूध तोडायचे असेल तर दोघांची रजामंदी आणि मशवरा यांची अट आहे. आईला तिच्या मुलामुळे त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असेही बजावले आहे. आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. बाळाचे दूध तोडण्यासारख्या गोष्टीतही ज्या दीनने आईचा मशवरा मागितला, तो पुढचे मूल होण्याच्या बाबतीत तिला विचारू नका असे कसे सांगेल?

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. अज़्लमध्ये सब्र करायचा होता तो पुरुषाने. शिवाय बहुतेक फकीहांनी त्यासाठीही पत्नीची परवानगी आवश्यक मानली, कारण मूल हा तिचाही हक्क आहे. म्हणजे कष्ट पतीचे आणि संमती पत्नीची. आज आपल्या घरांत नेमके उलटे झाले आहे. गोळ्या, तांबी, इंजेक्शन, ऑपरेशन, सारे तिच्या शरीरावर. आणि निर्णय तेवढा दुसऱ्यांचा.

विचारल्याशिवाय केले की काय होते

माझ्याच नात्यातली गोष्ट सांगते. दोन मुलांनंतर एका बहिणीने नवऱ्याला न सांगता तांबी बसवून घेतली. सांगितले तर घरात वादळ होईल, ही भीती. पाळी जास्त जाऊ लागली, अशक्तपणा आला. कारण तिला ठाऊक होते, पण बोलायची सोय नव्हती. दिवस राहत नाहीत म्हणून सासू तिला ताईत आणायला घेऊन गेली. घरात दुसऱ्या निकाहची कुजबूज सुरू झाली. ती गप्प राहिली. अखेर पोटात दुखून असह्य झाले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यासमोरच तांबीचा उल्लेख केला.

नवरा तांबीमुळे चिडला नाही. तो म्हणाला, "तुझा माझ्यावर एवढाही भरोसा नव्हता?" ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" दोघेही बरोबर होते. त्यांचा संसार टिकला, अल्हम्दुलिल्लाह, पण तो भरोसा परत यायला दोन वर्षे लागली. तांबी काढायला दहा मिनिटे पुरली होती.

संततिनियमनाने घरे बिघडतात असे म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगते. घर लपवाछपवीने बिघडले, आणि लपवाछपवीची वेळ आली कारण या विषयावर बोलणेच गुन्हा ठरले होते.

माझा स्वतःचा अनुभवही वेगळा नाही. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मी कळा देत होते. त्या दवाखान्यातील एक बाई माझ्यासमोर कागद धरून म्हणाल्या, "हेही ऑपरेशन उरकून टाकू, सही करा." तशा अवस्थेत कुणी विचार कसा करणार? मी नाही म्हटले म्हणून मला 'तुमच्यात असंच असतं' हेही ऐकावे लागले. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी आणि माझे पती पहिल्यांदा या विषयावर बोललो. आठ वर्षे झाली होती लग्नाला! दोघेही शिकलेले, दोघेही पगारदार, आणि तरीही तोवर शब्द नव्हता काढलेला.

सक्तीने काय साधले

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक पदराला खार लावून चालवले. पुढे पुण्यात शकुंतला परांजपे यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. कर्व्यांची सगळी मते आपल्याला पटणार नाहीत, मलाही पटत नाहीत. पण या दोघांनी लोकांना समजावून सांगितले, कुणाच्या दंडाला धरले नाही.

धरपकड झाली ती आणीबाणीत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये नसबंदीची मोहीम राबवली गेली तेव्हा माणसे जबरदस्तीने नेल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या.

परिणाम असा झाला की पुरुषाने या विषयातून कायमचे अंग काढून घेतले आणि पुढाऱ्यांनीही त्याला पुन्हा विचारले नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले होते. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषांवर केलेल्या जबरदस्तीची किंमत पन्नास वर्षे बायका मोजत आहेत. हे सर्व समाजांतील घरांचे चित्र आहे.

सक्तीचे सौम्य रूप आजही गावात आहे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. हरियाणातील अशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवले. हेतू चांगला असेल. पण इथल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. ज्या बाईला तिसऱ्या मुलाविषयी घरात कुणी विचारलेच नाही, तिलाच कायदा अपात्र ठरवतो. घरानेही विचारले नाही आणि गावानेही तिला विचारायचे नाही, अशी तिची दोन्हीकडून अडवणूक होते.

नैतिकतेची काळजी खरी आहे

संततिनियमनाने नैतिक घसरण होते, अशी काळजी आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना वाटते. ती मी हसण्यावारी नेत नाही. साधने सहज मिळाली की लग्नाबाहेरचे संबंध सोपे होतात, मूल ओझे वाटू लागते, स्वतःची चैन आधी आणि औलाद नंतर असे होते, म्हातारपणी घर ओस पडते. या गोष्टी आजूबाजूला दिसतात. मूल ही अल्लाहची अमानत आहे, बँकेतला खर्च नव्हे. केवळ गाडी आणि फ्लॅटसाठी मूल नको म्हणणाऱ्या जोडप्याने स्वतःच्या नीयतला प्रश्न विचारायलाच हवा.

पण नैतिकतेचा हिशोब दुसऱ्या बाजूनेही मांडू या. आईचे रक्त कमी झालेले असताना तिच्यावर पुन्हा बाळंतपण लादणे ही कोणती नैतिकता? बारा वर्षांच्या मुलीची शाळा बंद करून तिला झोळीपाशी बसवणे हा कुणाचा हक्क मारणे आहे? मुलांना खाऊ घालण्याइतकेच त्यांना घडवणे, तालीम देणे हेही आईबापाचे कर्तव्य आहे. वर्गात मला ते रोज दिसते. ज्या मुलाला आईची दोन-तीन वर्षे पुरती मिळाली, ते मूल बोलके असते. ज्याच्या पाठीवर लगेच भावंड आले, ते पुष्कळदा कोपऱ्यात बसते.

आणि एक घसरण अशी आहे की तिच्यावर आपण बोलत नाही. घर लहान हवे पण मुलगा हवाच, या हट्टातून महाराष्ट्रात मुली गर्भातच मारल्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला, तरी ही स्थिती. आपल्याकडे, अल्हम्दुलिल्लाह, जिवंत पुरलेल्या मुलीला जाब विचारायला लावणारी आयत लोकांच्या काळजात आहे. पण त्याच मुलग्याच्या हट्टापायी आपण बाईला चौथ्या, पाचव्या बाळंतपणाला उभे करतो. माझ्या विद्यार्थिनीच्या आईचे तेच झाले होते. साधन वापरल्याने नव्हे, मुलीला कमी लेखल्याने नैतिकता ढासळते.

आता काय करायचे

पहिली गोष्ट, माहिती घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, तांबी, 'माला-एन' या रोजच्या गोळ्या, 'छाया' या आठवड्याच्या गोळ्या आणि 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन मोफत मिळते. ही सर्व साधने तात्पुरती आहेत, थांबवली की मूल होऊ शकते. कुणाला काय चालेल हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. शेजारणीचे ऐकून नव्हे. आशाताईंना दारातून परत पाठवू नका.

दुसरी गोष्ट, पुरुषांनी सोबत यावे. निकाहपूर्वी मेहर, जोडे, जेवणावळ यांच्या बैठका होतात. त्यात मुलांच्या संगोपनाविषयी अर्धा तास का नसावा? जुम्याच्या बयानात पत्नीच्या हक्कांवर बोलताना आमच्या इमाम साहेबांनी सूरह बक़राच्या त्या आयतीतील मशवऱ्यावर एकदा सविस्तर बोलावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

तिसरी गोष्ट, सासूबाईंनी आणि आम्ही सर्व वडीलधाऱ्या बायकांनी 'गोड बातमी कधी' हा प्रश्न आवरावा. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हक्क दोघांचाच आहे.

त्या घरी मी पुन्हा एका रविवारी गेले, मुद्दाम वडील घरी असतील अशा वेळी. मी शाळेविषयीच बोलले. मुलीचे दोन निबंध सोबत नेले होते, ते त्यांना वाचायला दिले. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "बाजी, घर में कुछ बोलतीच नहीं ये." मी म्हटले, "भाईजान, पूछो तो सही." आतून भांड्यांचा आवाज थांबला होता.

महिन्याभराने आशाताई भेटल्या. म्हणाल्या, नवरा-बायको दोघे मिळून आरोग्य केंद्रात येऊन गेले. काय ठरवले ते मी विचारले नाही. तो त्यांचा मशवरा. घरकामाला त्यांच्या गावाहून फूफी येऊन राहिली आहे. मुलगी आता आठवड्यातून चार दिवस शाळेत येते. पाचवा दिवस अजून बाकी आहे, आणि बुडालेले गणितही. तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघी ते भरून काढत आहोत.

वाचक बंधू-भगिनींनो, आज इशाच्या नमाजनंतर, मुले झोपली की, एकमेकांना एवढेच विचारा: तुमची तब्येत कशी आहे, आणि तुमच्या मनात काय आहे? मुले किती आणि कधी, हा प्रश्न त्यानंतर आपोआप येईल, आणि त्याचे उत्तर एकाला देता येणार नाही.